फळीतला भाऊ

दिवा जरा जवळ ओढा, मग सांगते. रात्रीची गोष्ट नाही ही, भर दुपारची आहे. आखातातल्या अल ऐनची जूनमधली दुपार. रस्त्यावर माणूस नाही, मांजर नाही. पडदे ओढलेले, एसीची घरघर, आणि घरात मी एकटी. मुलगा आणि सून अस्मिता कामावर, नातू शाळेत. सकाळी दार लागलं की संध्याकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही.

त्या दुपारी मी अंड्याची टरफलं घेऊन खालच्या मजल्यावर निघाले होते. हसू नका. अस्मिता ऑम्लेट करायची, टरफलं मी धुऊन वाळवून ठेवायची.

"आई, प्लीज! कचरा आहे तो, टाका ना," ती म्हणायची.

"तुझा कचरा, लिएनचा पांढरा रंग," मी म्हणायची.

लिएन म्हणजे खालची व्हिएतनामी म्हातारी. मुलगी इथल्या विद्यापीठात शिकवते. माझ्यासारखीच तीही, मुलांनी आणून ठेवलेलं सामान. शाळा मी चौथीपर्यंत पाहिली. पुढचं वाचायला किराणाच्या पुड्यांनी शिकवलं, इंग्रजी नातवाच्या पुस्तकांनी. त्या मोडक्या इंग्रजीत आम्ही दोघी तासन्‌तास बोलायचो. पक्क्या व्याकरणाच्या माणसांना माझ्याशी एवढं बोलायला कधी वेळ झाला नाही.

लिएन लेखिका. तिच्या देशात नाव होतं तिचं. ती वेण्या घालायच्या वयाची असताना थोरला भाऊ लढाईवर गेला तो परत आला नाही. प्रेतही नाही. घर जळलं, त्यात फोटो गेले. मग तिनं पुस्तकं लिहिली, आणि दरेक पुस्तकात भाऊ वेगळ्या वाटेनं घरी यायचा. एकात नदीतून, एकात भाताच्या गाडीतून. बेपत्ता पोरांच्या आया ती पुस्तकं उशाशी घेऊन झोपायच्या म्हणे.

"पण लिहून चेहरा येत नाही, सिस्टर," ती मला म्हणाली होती. "नाक येतं, डोळे येतात. चेहरा नाही."

म्हणून ती चित्रकार झाली. त्यांच्याकडे एका झाडाचा चीक लाकडी फळीवर थरावर थर देतात. चित्र तळाशी असतं, पांढऱ्याच्या जागी टरफलाचे तुकडे बसवलेलं. वरचे थर कोळशानं नि पाण्यानं घासत जायचं, मग ते वर येतं. आणि तो चीक कोरड्या हवेत वाळत नाही, त्याला ओल लागते. या वाळवंटात ओल कुठली? लिएनच्या न्हाणीघरात. नळ ठिबकत ठेवून तिथं ती फळ्या उभ्या करायची. दार उघडलं की आंबट-कडवट वास अंगावर यायचा.

त्या दुपारी तिनं टरफलं घेतली नाहीत. माझा हात धरून आत नेलं. स्टुलावर काळीभोर फळी होती. तरुणपणी, आठवण ताजी असताना, तिनं तळाशी भावाचा चेहरा रंगवला होता. पुढे दर वर्षी नवा थर दिला. घासायचा धीर कधी झाला नाही.

"आता तो मला आठवत नाही," ती म्हणाली. "डोळे मिटले की... नुसतं काळं. माझे हात कापतात. तू घास."

"मुलीला सांग की."

"ती मला डॉक्टरकडे नेईल."

खरं होतं. माझाही मुलगा तेच करेल.

"चेहरा दिसला की थांब," ती म्हणाली. "पुढे घासलंस तर तो कायमचा जाईल."

भांडी घासून घासून माझ्या मनगटांत बळ आहे. कोळसा ओला करून मी घासायला बसले. खर्र... खर्र... काळं पाणी मोरीकडे वाहत होतं. आधी लालसर झाक आली, मग कपाळ, मग भुवई. भुवईत पांढरी चीर, टरफलाची. लिएनच्या तोंडून हुंदका फुटला. "बांबू लागला होता त्याला... तोच!"

मी गाल घासला आणि हात आखडला. गालावर सुरकुत्या होत्या. डोळ्यांखाली पिशव्या. तो पोरगा नव्हता, आमच्याएवढा म्हातारा होता.

"हा तुझा बाप असेल," मी म्हटलं.

"बाप चाळिशीत गेला. आमच्यात इतकं म्हातारं कुणीच झालं नाही." तिचा आवाज खाली गेला. "मी विशीतला मुलगा रंगवला होता, सिस्टर."

मी कोळसा खाली ठेवला. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

खर्र... खर्र...

आवाज चालूच होता. फळीतून येत होता. आतून.

लिएन पुढे झुकली आणि आपल्या भाषेत बोलू लागली, उशिरा घरी आलेल्या भावाला रागवावं तशी. मग थांबली. ऐकल्यासारखी. तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"काय म्हणतो?" मी विचारलं. असं काही विचारायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

"विचारतो... माझी बहीण कुठंय? दोन वेण्यांची."

"मग सांग ना त्याला, तूच ती!"

"सांगितलं... म्हणतो, तू नव्हेस. तू कुणी म्हातारी."

मी उठले. तिला उठवायला बघितलं, ती हलेना. शेवटी एकटीच वर आले, दाराला कडी लावली. संध्याकाळी कुणाला काही बोलले नाही. काय बोलणार? मुलानं एसी वाढवला असता आणि गोळी दिली असती.

दुसऱ्या दुपारी पुन्हा खाली गेले. शूर म्हणून नव्हे. मला ठोठावायला दुसरं दारच नव्हतं.

दार लोटलेलंच होतं. न्हाणीघरात लिएन फळीसमोर बसली होती, इतकी जवळ की तिचा श्वास फळीवर धुकं धरत होता. केस विंचरून तिनं दोन वेण्या घातल्या होत्या. पांढऱ्या, बारीक.

"लिएन, चल वर. चहा करते."

"थांब, सिस्टर... थोडंच राहिलंय." ती माझ्याकडे वळली आणि उजवा गाल पुढे केला. "बघ. आता ओळखेल ना?"

त्या गालावर एकही सुरकुती नव्हती. कातडी कोवळी, तुकतुकीत, पोरीची. डावा गाल कालचाच होता. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, कोरडे. हनुवटीवरून काळं पाणी ठिबकत होतं, आणि तो खर्र... खर्र... आवाज आता फळीतून येत नव्हता.