नव्या पिस्तुलाचं कुंकू

मधुकरचा चहा अजून बशीतच होता. तेवढ्यात एक मुलगी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माझा भाऊ विकला गेलेला नाही. तेवढं सिद्ध करून द्या."

मुलगी दार चुकली, असं मधुकरला वाटलं. मुलुंडच्या त्या खोलीवर 'वसुधा प्रधान, खासगी चौकशी' अशी पाटी होती खरी. पण तिथे यायचे ते लग्नाळू मुलींचे बाप. मुलगा पितो का, नोकरी पक्की आहे का, असल्या चौकशा घेऊन. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मधुकर आपल्या वहिनीच्या, वसुधाबाईंच्या हाताखाली हेच काम करत होता, आणि त्यातलंही अर्धं त्याच्या डोक्यावरून जायचं.

"बस. आधी पाणी पी," वसुधाबाई म्हणाल्या. "भाऊ कोण?"

मुलीचं नाव प्रेमा परब. विक्रोळीच्या चाळीत राहणारी. वडील धाकू परब गिरणीत फिटर होते. संप सुरू होऊन वर्ष उलटलं तरी गिरणीचा भोंगा काही वाजेना, म्हणून आता ते मुलुंडच्या रायफल क्लबात पिस्तुलं साफ करायचे. भाऊ नंदू तिथलाच नेमबाज. एका कंपनीत खेळाडूसाठी एक जागा निघाली होती आणि गेल्या रविवारी तिची चाचणी झाली.

"दादाच जिंकणार, सगळे म्हणत होते. पण त्याच्या गोळ्या कुठच्या कुठे गेल्या. जयवंत राणे पुढे गेला. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी तेच पिस्तूल चालवून बघितलं, तर एकदम झकास. आता म्हणतात, दादा मुद्दाम हरला, जयवंतकडून काहीतरी घेतलं. कंपनीचे साहेब या रविवारी शेवटचं बघायला येणार, आणि क्लब दादाचं नावच काढतोय. घरात तेवढीच एक आशा आहे, बाई."

"हात चांगला, पिस्तूल चांगलं, मग गोळ्यांना काय झालं?" मधुकरने विचारलं.

"चाचणीच्या सकाळी घरात काही वेगळं घडलं?" वसुधाबाईंनी विचारलं.

"नाही. बाबा आमच्या आधीच क्लबात गेले होते. दादा निघताना आई त्याला कुंकू लावायला गेली, तर देव्हाऱ्यात करंडाच नाही. शेवटी शेजारून आणलं. आई तेव्हाच म्हणाली, लक्षण बरं नाही."

मधुकरने मान हलवली. आईचं त्याला पटलं.

क्लब डोंगराच्या पायथ्याशी होता. सेक्रेटरी श्यामसुंदर तळपदे यांनी कपाट उघडलं. आत दोन पिस्तुलं होती, अगदी जुळ्या भावांसारखी.

"एकाच कंपनीची आहेत," तळपदे म्हणाले. "हे जुन्या पिढीचं, हे नव्या. वरच्या कवचाच्या आत नळी असते. जुन्याची नळी बारीक. तिच्या तोंडाशी एक सुटं कडं बसवतात, ते तिला धरून ठेवतं. कडं झिजलं की नळी हलते आणि नेम जातो. नव्यात त्यांनी कडंच काढून टाकलं. नळीच तोंडाशी जाड केली. ती थेट कवचात घट्ट बसते आणि दर गोळीनंतर बरोब्बर त्याच जागी परत येते. वजनही पुढे जास्त, त्यामुळे उसळत नाही. बाकी मागचा सांधा वगैरे सगळं होतं तसंच ठेवलंय."

मधुकरच्या मते नळी म्हणजे नळी. त्याने जवळ जाऊन नव्या पिस्तुलाच्या तोंडात डोकावून बघितलं.

"अहो, बाजूला व्हा," तळपदे ओरडले. "क्लबचा पहिला नियम आहे. रिकामं असलं तरी तोंड कुणाकडे करायचं नाही आणि समोरून कुणी बघायचं नाही."

मधुकर कानकोंडा होऊन मागे सरला. वसुधाबाई मात्र त्याच्याकडे कौतुकाने बघत होत्या. का, ते त्याला कळेना.

"दसऱ्याला पूजा करता वाटतं?" त्यांनी विचारलं. कपाटाच्या दारावर कुंकवाची बोटं होती.

"करतो ना. जुन्याची केली. नवीन आलं दिवाळीनंतर, त्याची पुढच्या दसऱ्याला."

वसुधाबाईंनी नवं पिस्तूल उघडायला लावलं आणि कवचाच्या तोंडाच्या आतून रुमालाचं टोक फिरवलं. टोकाला तांबूस डाग आला.

"गंज असेल," तळपदे म्हणाले.

मधुकरला ते रक्त वाटलं, पण रक्त कुणाचं हे त्यालाच सांगता येईना.

नंदू बाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

"मला कळतच नाही हो," तो म्हणाला. "त्या दिवशी पिस्तूल उलट हलकं वाटत होतं, हाताला बरं. नवीन आल्यापासून मी घरी कुरकुर करायचो, पुढे जड लागतं, जुनंच बरं होतं म्हणून. त्या दिवशी वाटलं, चला, सवय झाली. आणि नेमकी तेव्हाच वाट लागली."

"पिस्तूल तुझ्या हातात कुणी दिलं?"

"बाबांनीच. साफ करून तेच टेबलावर ठेवतात, संपलं की तेच उचलतात."

जयवंत राणे तिथेच होता. स्वतःचं पिस्तूल बाळगणारा, बोलायला एकदम रोखठोक.

"मॅडम, मला जिंकायचं होतं, खोटं कशाला बोलू? पण नंदूचं टार्गेट बघून माझंच डोकं फिरलं. हात घाबरला की गोळ्या एका बाजूला जातात. मुद्दाम हरणारा पण थोडक्यात हुकवतो ना. याच्या चारी बाजूंना पसरल्या होत्या."

"चाचणी संपल्यावर तू त्याच्या पिस्तुलाला हात लावलास?"

"धाकूकाका लावू देतील? गिरणीतल्या मशीनसारखं जपतात ते."

धाकू परब मागच्या खोलीत चिंधीला तेल लावत होते. वसुधाबाईंनी त्यांना गिरणीबद्दलच विचारलं. म्हातारा आधी खुलला. जुन्या मशीनचा रुळलेला पार्ट नव्यात घातला की नवं मशीन कसं गपगुमान चालतं, आणि कुठलाही पार्ट बसवण्याआधी त्याला कुंकू लावायचं, ही त्यांच्या खात्याची रीत, असं तो सांगत सुटला. मग एकदम थांबला आणि चिंधीची घडी करू लागला.

"पोराचं नाव काढतायत. तुम्ही काही बोलला नाहीत?" वसुधाबाईंनी विचारलं.

"माका काय कळता त्यातला," धाकू म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

परतताना मधुकर म्हणाला, "वहिनी, मला काडीचं कळलं नाही. जयवंतचा फायदा, तळपद्यांकडे किल्ली, आणि म्हातारा कशाला तरी घाबरलेला. केलं कुणी?"

"भावजी, खरं तर तुम्हीच शोधून काढलंत. शनिवारी सांगते."

शनिवारपर्यंत मधुकरने आपण काय शोधलं याचा विचार केला. डोकं दुखायला लागलं, पण उत्तर सापडलं नाही.

शनिवारी सगळे क्लबात जमले. वसुधाबाईंनी तळपद्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. ते नवं पिस्तूल आत घेऊन गेले आणि बाहेर येऊन त्यांनी ते नंदूच्या हातात दिलं.

"घाबरू नकोस. नेहमीसारख्या गोळ्या मार," वसुधाबाई म्हणाल्या.

नंदूने गोळ्या झाडल्या. टार्गेट जवळ आणलं तर भोकं चाळणीसारखी पसरलेली. नंदूचा चेहरा पांढरा पडला आणि प्रेमाने डोळ्यांना पदर लावला. तळपद्यांनी पिस्तूल पुन्हा आत नेलं आणि पुन्हा आणून दिलं. यावेळी सगळी भोकं रुपयाखाली झाकली जातील इतकी जवळ पडली.

"आता समोर एकच माणूस, एकच पिस्तूल," वसुधाबाई म्हणाल्या. "बदललं काय? पहिल्या वेळी तळपद्यांनी यात जुन्या पिस्तुलाची बारीक नळी घातली होती. मागचा सांधा तोच, त्यामुळे ती बसते. पण तिला धरणारं कडं नव्या कवचात नाही. दर गोळीला ती पुढून नव्या जागी टेकते, म्हणून गोळ्या चारी बाजूंना गेल्या. जयवंतने तेच सांगितलं. नंदूला पिस्तूल हलकं लागलं, तेही त्यामुळेच."

"मग नळी दिसली कशी नाही?" जयवंतने विचारलं.

"ती कवचाच्या आत असते. बारीक की जाड, हे फक्त समोरून, तोंडाशी दिसतं, आणि समोरून इथे कुणी बघत नाही. आमच्या भावजींनी बघितलं म्हणून मला सुचलं."

मधुकर ताठ बसला. आपण काय सुचवलं हे त्याला आत्ता कळलं होतं.

"दुसऱ्या दिवशी पिस्तूल चांगलं निघालं, म्हणजे चाचणीनंतर कुणीतरी नळी परत बदलली. जयवंतला तेव्हा पिस्तूल मिळालंच नाही. तळपद्यांनी केलं असतं तर पिस्तूल खराब आहे म्हणून मोकळे झाले असते, स्वतः चालवून झकास म्हणाले नसते. आता हा रुमाल. हा गंज नाही, कुंकू आहे. ज्या पिस्तुलाची अजून पूजाच झाली नाही, त्याच्या आत कुंकू. आणि त्याच सकाळी परबांच्या देव्हाऱ्यात करंडा नव्हता. कुणाची वाट लावायची असेल तर माणूस नळीला कुंकू लावून बसत नाही. हे पोराचं भलं चिंतणाऱ्याने केलंय."

सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या.

धाकू परब उठून उभे राहिले. "माझो झिल नंदू रोज म्हणायचा, जुनाच बरा. माका वाटला, त्या नळीवर तेचो हात बसलेलो असा. रुळलेलो पार्ट. गिरणीत असाच करायचो आम्ही. मगे टार्गेट बघितलं आणि पायाखालची जमीनच गेली. बोललो असतो तर हे काम गेला असता, आणि घरात दुसरा काय येता? म्हटलं, पोर तरुण असा, दुसरी जागा मिळात तेका. हे लोक तेका विकलो गेलो म्हणतीत, हा माझ्या डोक्यातच आला नाय."

मधुकरला म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता, पण त्याने आपली खुर्ची म्हाताऱ्यापुढे सरकवली.

तळपद्यांनी दुसरं टार्गेट घडी करून खिशात ठेवलं. "नंदूचं नाव राहील," ते म्हणाले. "पण परब, क्लबचं पिस्तूल न विचारता उघडलंत. त्याचं काय करायचं ते कमिटी ठरवेल."

धाकूंनी मान डोलावली. पोराकडे बघायची त्यांची हिंमत होईना.

रविवारी कंपनीचे साहेब खुर्चीत बसले होते. नंदूचं नाव पुकारलं. त्याने रिकामं पिस्तूल टेबलावर उघडून ठेवलं, जाड नळी बाहेर काढली आणि गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या वडिलांपाशी गेला. खिशातून त्याने देव्हाऱ्यातला करंडा काढला.

"बाबा, कुंकू लावा," तो म्हणाला. "पण या नळीला."