पत्ता तेवढा बदलला

लाइट गेलीय ती काही एवढ्यात येत नाही. बसा गच्चीवरच. सम्यक, मोबाइलची बत्ती बंद कर बरं, डोळ्यांत जाते. भुताची गोष्ट पाहिजे म्हणता? भुताची नाही, श्रीरंगची सांगतो. श्रीरंग पाटोदकर टेलिफोन खात्यात माझ्या हाताखाली होता. खोटं रचून सांगायचं म्हटलं तरी जमायचं नाही, असा सरळ माणूस.

श्रीरंग निघाला होता साध्याच कामाला. औरंगपुऱ्यातल्या एका जुन्या वाचनालयात गावातल्या साप्ताहिकांच्या फायली होत्या, त्या चाळायच्या होत्या. त्याचे आजोबा, नरहर पाटोदकर, एक्कावन्न साली दिवाळीनंतर एका संध्याकाळी घरातून बाहेर पडले, ते परत आलेच नाहीत. श्रीरंगचे वडील सदाशिवराव तेव्हा चार वर्षांचे. आई सांगायची, "तुला ताप होता, तुझं औषध आणायला गेले." गल्ली सांगायची, हैदराबादला दुसरं बिऱ्हाड केलंय. सदाशिवराव आईला कधी उलटून बोलले नाहीत, पण विश्वास ठेवला तो गल्लीवर. शाळेत पोरं त्यांना 'पळपुट्याचा' म्हणायची. म्हातारपणीसुद्धा कुठल्या कागदावर स्वतःचं पूर्ण नाव लिहायचं झालं, की मधल्या नावापाशी त्यांचा हात अडायचा.

दोन वर्षांमागच्या दिवाळीत, म्हणजे तेवीस साली, सदाशिवराव तापानं पडले. गोळ्या झाल्या, सलाइन झालं, ताप उतरेना. एका दुपारी म्हणाले, "श्रीरंगा, जायच्या आधी एवढं कळू दे मला. टाकून गेले का रे ते आम्हाला?"

म्हणून वाचनालय.

धूळ खात बसल्यावर दुसऱ्या दिवशी नोटीस सापडली. नरहरच्या थोरल्या भावानं दिलेली. 'बेपत्ता' असं वर, आणि खाली: 'नरहर, वय एकोणतीस, वर्ण सावळा. मुलास ताप म्हणून काढ्याची पुडी आणण्यास गेला तो परतला नाही. नरहर, असशील तिथून निघून ये. तुला कोणी काही विचारणार नाही. दार उघडं आहे. सदू वाट पाहतो.' त्याखाली शहागंजचा पत्ता. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा तीच. त्याच्या पुढच्या वर्षीही. शहागंजचं घर विकलं, तेव्हा थांबली.

"म्हणजे औषधच आणायला गेले होते की काका," स्वराली म्हणतेय. "मिटलं."

कुठलं मिटतंय! सदाशिवराव नोटीस ऐकून हसले. "घरची अब्रू घरचे झाकणारच. पेपरात कोण खरं छापतं?"

श्रीरंग शहागंजला गेला. घराच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. दुकानदार बोलका निघाला. नाव ऐकून मात्र थबकला.

"पाटोदकर? आप उनके कौन?"

"नातू."

"हौ... तो सुनो साब. हर दिवाली के बाद, एक रात कोई आता. शटरपो उंगली से टकटक करता. अब्बा बोले थे, खोलना नक्को. बस इत्ता बोलना, 'वो लोगां अब यहाँ नै रैते.' चले जाता बेचारा."

श्रीरंगनं चहा संपवला आणि उठला. मनात म्हणाला, जुन्या बाजारात अशा गोष्टी असतातच.

घरी हे सांगितलं नाही. पण सदाशिवरावांनी आपणच हट्ट धरला. "पुन्हा एकदा दे ती नोटीस. हैदराबादेत कोणी उरलं असलं तर वाचील. काकांनी लिहिलेला एक शब्द बदलू नको. पत्ता तेवढा बदल. जुन्या पत्त्यावर आता कोण आहे आपलं?"

पेपरच्या कचेरीत जाहिराती घेणारा बन्सी म्हणून होता. त्यानं मजकूर वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"साहेब, शंभरी उलटली की ह्यांची. वरून निघून येतेत का?"

"छापा हो. वडिलांचं समाधान."

"फोटो?"

"नाही."

"मग आले तर वळखायचं कसं?"

दोघंही हसले. सिडकोतल्या घराचा पत्ता घातला, श्रीरंगचा मोबाइल नंबर घातला. रविवारच्या अंकात नोटीस आली.

तो रविवार तुम्हाला आठवतो. एकोणीस नोव्हेंबर. आपण वर्ल्ड कपची फायनल हरलो तो. सगळ्या गल्ल्यांनी फटाके आणून ठेवलेले, आणि एकही वाजला नाही. नऊ वाजताच गाव मेल्यासारखं गप्प झालेलं. श्रीरंगची बायको उमा माहेरी पाचोडला गेलेली. घरात दोघंच. सदाशिवराव आतल्या खोलीत, अंग चुलीसारखं तापलेलं. श्रीरंगनं फाटकाला कुलूप घातलं, दाराला आतून कडी लावली आणि बाहेरच्या खोलीत पाठ टेकली.

रात्री दोनच्या सुमाराला त्याला जाग आली.

टक... टक.

दारावर. मुठीनं नाही. बोटानं.

तो उठला. खिडकीचा पडदा बोटभर सरकवला. रस्त्यावरचा दिवा लख्ख होता. फाटक बंद. कुलूप जागच्या जागी. ओट्यावर कोणी नाही.

टक... टक.

रिकाम्या ओट्याकडे बघता बघता त्यानं तो आवाज ऐकला.

कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. श्रीरंगला शहागंजचा दुकानदार आठवला. दाराशी गेला, आणि कसंबसं म्हणाला, "ते... ते लोक इथं नाही राहत."

टकटक थांबली.

श्रीरंगनं श्वास सोडला. आणि दारापलीकडून, अगदी फळीला ओठ लावून बोलल्यासारखा, आवाज आला.

"पेपरात तर हाच पत्ता आहे."

तरुण आवाज. दमलेला. श्रीरंगपेक्षा वीस वर्षांनी लहान माणसाचा.

ओरडायचं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. बापानं जन्मभर मनात ठेवलेलं तेच.

"कुठं... कुठं होता इतकी वर्षं?"

...

"विचारणार नव्हता ना कोणी."

एवढंच. रागानं नाही. पण श्रीरंग सांगतो, की त्या वाक्यासरशी दार गार पडलं. हात लावला नव्हता, तरी कळलं. मग कडी हलली. आतली कडी. थोडीशी. पुन्हा थोडीशी. त्यानं दोन्ही हातांनी ती दाबून धरली. बोटं बधिर झाली. पलीकडून जोर नव्हता. कोणी नुसतं चाचपत होतं...

आणि मागून, आतल्या खोलीतून, कोणीतरी बोललं.

"दार उघडं आहे, बाबा."

आवाज सदाशिवरावांच्या खोलीतून. पण सदाशिवरावांचा नाही. बारीक. बोबडा. तापानं सुकलेला. चार वर्षांच्या पोराचा.

कडी हलायची थांबली.

श्रीरंग तसाच उभा. दाराकडे तोंड, खोलीकडे पाठ. ओट्यावर आता काही नव्हतं. ते त्याला कळत होतं.

मागं कागद वाजला. पुडी सोडावी तसा.

मग वाटीत चमचा.

मग... कोणीतरी अगदी हळू म्हणालं, "आ कर."

किती वेळ गेला, तो सांगू शकत नाही. चमच्याचा आवाज थांबल्यावरच त्याला वळता आलं. भिंत धरून धरून तो आत गेला. सदाशिवराव बसलेले होते. डोळे मिटलेले, हनुवटी वर, तोंड उघडं. कोणी हनुवटीला हात लावून धरावी, तशी. श्रीरंगच्या देखत ती हळूहळू खाली आली. सदाशिवराव आडवे झाले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ओठांच्या कडेला काळपट ओघळ होता. दारची कडी लागलेलीच होती.

उजाडेपर्यंत श्रीरंग खोलीतले सगळे दिवे लावून बसला.

सकाळी अंग गार. ताप असा नाहीच. सदाशिवरावांनी पाणी मागितलं, आणि तोंड वेडंवाकडं केलं. "कडू झालंय रे सगळं." थोड्या वेळानं छताकडे बघत म्हणाले, "औषधच आणायला गेले होते."

"कोण म्हणालं तुम्हाला?"

त्यांची उजवी मूठ मिटलेली होती. श्रीरंगनं एक एक बोट सोडवलं. आत कागद होता, कडू वासाचा. पुडीचा.

तो कागद मी पाहिलाय. या हातांनी उलगडलाय. पिवळा, नव्हे तांबूस झालेला. कडा भुरभुरलेल्या. घड्या इतक्या झिजलेल्या, की उजेडात धरला तर आरपार दिसावं. साठ-सत्तर वर्षं खिशात घालून, पुन्हा पुन्हा काढून वाचावा, तसा.

आणि त्याच्यावर रविवारचीच नोटीस. खाली सिडकोचा पत्ता, आणि श्रीरंगचा मोबाइल नंबर.