चकतीवरचा दहा

"टिल्लू, खाली उतर! सापडलास, आता तुझ्यावर राज्य!" बोक्या ओरडला.

"नाही उतरणार!" माळ्यावरून उत्तर आलं.

काकांच्या सुतारकारखान्यात लपाछपी रंगात आली होती. काका गिऱ्हाइकाकडे गेले होते आणि त्यांचा सात वर्षांचा टिल्लू भुशाच्या खोलीतल्या माळ्यावर चढून बसला होता. माळ्याची शिडी भुसा ओढणाऱ्या पंख्याच्या मोटरला अगदी चिकटून उभी होती. बोक्या आणि त्याची तेरा वर्षांची ताई सुट्टीसाठी काकांकडे आले होते. ताईचं मात्र आज खेळात लक्ष नव्हतं.

"बोक्या, ही मोटर कालपासून एकदाही बंद पडली नाही."

"मग बरंच झालं की!"

"परवापर्यंत दिवसातून चारदा खट् करून बंद पडायची. दुरुस्त तर कुणीच केली नाही!"

बोक्यानं नाक वर करून हुंगलं. "ताई, काहीतरी जळतंय गं."

त्यांची आई मोटरचं वाइंडिंग करायची, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळायची, त्यामुळे जळक्या तारेचा हा वास ताई चांगला ओळखत होती! तिनं मोटरच्या पाटीवरचा भुसा पुसला. पाटीवर आकडा होता साडेसहा अँपिअर. मग तिनं मोटर चालू-बंद करायच्या पेटीच्या, म्हणजे स्टार्टरच्या, काचेतून आत पाहिलं.

"सापडलं!" बोक्या शेजारच्या फ्यूजकडे बोट दाखवत म्हणाला. "फ्यूज वीसचा आहे!"

"तो बरोबर आहे रे शहाण्या! सुरू होताना मोटर क्षणभर सहापट वीज ओढते, तेवढ्या क्षणात तो वितळायला नको. तो असतो शॉर्टसर्किटसाठी. मोटर हळूहळू तापली तर तिला थांबवतो तो हा रिले. त्याची चकती पाटीवरच्या आकड्याला हवी. आणि ती बघ कुठे आहे!"

चकती दहावर होती. कुणीतरी ती पार टोकापर्यंत फिरवली होती!

"ताई..." माळ्यावरचा आवाज एकदम बारीक झाला. "इथे धूर येतोय. मला खोकला येतोय."

टिल्लूला उतरायला दुसरी वाटच नव्हती! ताई मोटर बंद करायच्या लाल बटणाकडे धावली, पण कारखान्यात काम करणाऱ्या मिस्त्रीकाकांनी येऊन तिचं मनगट धरलं.

"बटणाला हात लावायचा नाही! संध्याकाळी दहा दारं द्यायचीत."

"मिस्त्रीकाका, धूर!"

"धूर कसला, धूळ आहे ती. रोजची कटकट होती, मीच चकती फिरवली आणि मोटर झाली सरळ. जा, खेळा!"

रडून उपयोग नव्हता, हे ताईला कळत होतं. ती कशीबशी म्हणाली, "सरळ झालीय ना? मग दहा आकडे होईपर्यंत हात ठेवून दाखवा तिच्यावर!"

"दहा? वीस मोज!" मिस्त्रीकाकांनी ताईचं मनगट सोडलं आणि ऐटीत तळवा मोटरवर टेकवला.

"एक..."

"आई गं!"

ते हात झटकत मागे उडाले आणि त्याच क्षणी ताईनं लाल बटण दाबलं. घरघर थांबली. पण मोटरखालचा भुसा लालसर धुमसत होता!

"वाळू!" ताई किंचाळली. बोक्यानं कोपऱ्यातली वाळूची बादली आणून भुशावर पालथी केली. आणखी एक बादली. धूर विरला. मिस्त्रीकाका भाजल्या हातानंच शिडी चढले आणि टिल्लूला छातीशी धरून खाली आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

परतल्यावर काकांनी पंखा उघडला. पंख्यानं ओढून घेतलेली पोत्यांची सुतळी दांड्याला घट्ट गुंडाळली गेली होती, म्हणून तो फिरवायला मोटरला जास्त जोर लागत होता. पोती सोडून सुतळी तिथेच टाकायची मिस्त्रीकाकांची सवय! मोटर बिचारी बंद पडून चार दिवस तेच सांगत होती.

काकांनी टिल्लूला उचलून घेतलं. मग ताईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, दारं काय, उद्याही झाली असती!"

आठवड्यानं मोटर नवं वाइंडिंग होऊन आली. वीज बंद करून काकांनी स्टार्टर उघडला आणि स्क्रूड्रायव्हर ताईच्या हातात दिला. तिनं चकती साडेसहावर आणली.

"आणि परत खट् झालं तर?" टिल्लूनं विचारलं.

मिस्त्रीकाकांनी पट्टी बांधलेला हात वर केला. "तर आधी कारण शोधायचं बाळा. चालू करायचं हिरवं बटण त्यानंतर."

आणि खाली वाकून त्यांनी जमिनीवरची सुतळी उचलली.