खटका

मिस्त्रीचं पोट सुटलेलं आणि तोंडही सुटलेलं. त्यामुळे बहिणीच्या नवऱ्यानं, दाजींनी, लष्करातून बाद झालेला ट्रक घेतला आणि ‘चला मेव्हणे, मातीची एक खेप आणून बघू’ म्हटलं, तेव्हा मिस्त्री आधी गाडीला चार शिव्या देऊन मगच स्टिअरिंगवर बसला.

वीटभट्टीची जुनी खाण गावाबाहेर होती. कित्येक वर्षांत तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. दोन उंच दरडींमधून एक अरुंद चर खाली उतरत होती आणि तळाशी साचलेलं काळं पाणी होतं. दुपारची वेळ, पण धुकं असं दाटलेलं की बोनेटच्या पुढे काही दिसेना.

“पुढची चाकं जोडायचा दांडा कुठाय हो?” दाजींनी विचारलं.

“ह्याला लागतच नाही. पुढची चाकं एरवी नुसती सोबतीला फिरतात. मागची घसरून जास्त पळायला लागली, की आतला खटका आपसूक धरतो आणि पुढच्यांना जोर मिळतो. रिव्हर्सला मात्र खटक्याला तसं सांगावं लागतं. त्यासाठी हा छोटा दांडा.”

“म्हणजे बायकोसारखं. आपण घसरलो की ती धरते.”

मिस्त्री हसला आणि तेवढ्यात ट्रक थांबला. दरडी ढासळून चर निमुळती झाली होती. दोन्ही दारं ओल्या मातीला घासून बसली होती. ढकलली तरी बोटभरही उघडेनात.

“मागं घेऊ,” मिस्त्री म्हणाला. त्यानं रिव्हर्स टाकला. मागची चाकं जागीच भिरभिरली. त्यानं छोटा दांडा ओढला. खालून आवाज आला… टक. खटक्यानं धरलं. आणि ट्रक हातभर पुढे सरकला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“गिअर चुकला असेल,” दाजी म्हणाले.

“चाळीस वर्षं मी काय गवत उपटलं?”

शेवटी दाजी, मूळचे काडीपैलवान, पाठीमागच्या छोट्या खिडकीतून हौद्यात उतरले. “चाकाखाली दगड घालतो. सांगेन तेव्हा घ्या.” मिस्त्रीचं त्या खिडकीतून डोकं जाईल, पोट काही जाणार नव्हतं. तो एकटाच बसून राहिला. केबिनमध्ये ओल्या मातीचा आणि जुन्या ग्रीसचा वास कोंडला होता.

थोड्या वेळानं पायाखालच्या पत्र्याखालून हळू आवाज आला. “मेव्हणे… घ्या.”

त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. टक. ट्रक पुढे सरकला.

“दाजी, दगड नीट लावा की!”

“लावलेत… घ्या. अजून घ्या…”

पुन्हा टक. आता बोनेटच्या टोकाखाली पाणी चकाकत होतं. मिस्त्रीनं ब्रेक दाबून धरला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. सगळीकडे चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत स्टिअरिंग त्याच्या हातात आपणहून थोडं वळलं, सरळ झालं, आणि ट्रक आणखी वीतभर उतरला.

“दाजी… बाहेर या. खालून बाहेर या आधी…”

“घाबरू नका मेव्हणे,” पत्र्याखालून आवाज आला, अगदी तळपायाशी. “मी धरलंय पुढून…”

त्याच क्षणी वरून, चरीच्या तोंडापासून, दाजींची खणखणीत हाक आली. “अहो मेव्हणे! खाली एकही दगड नाही, पण वर दोर मिळाला! आलोच!”

मिस्त्रीनं दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले. खालून कुणीतरी पत्र्यावर बोटं फिरवत होतं… सावकाश, चाचपत, पाय कुठे गेले ते शोधत असल्यासारखं. समोरची काच बिजागरीवर होती, पण गंजून घट्ट बसलेली. त्यानं लाथा घातल्या. तिसऱ्या की चौथ्या लाथेला ती उखडली. सदरा फाटला, पोट सोललं, पण तो बोनेटवर आला. खाली न बघता टपावर चढला, हौद्यातून मागे उडी टाकली आणि चिखलात रांगत वर सुटला. दाजींनी त्याचा हात धरला, तेव्हा त्यानं आधी तो हात घट्ट दाबून पाहिला.

दोन दिवसांनी क्रेननं ट्रक वर ओढला. कापूस उचलावा तसा अलगद आला. गाडी भंगारात द्यायची ठरली होती, पण काय झालं होतं ते कळल्याशिवाय मिस्त्रीला झोप येईना. उन्हात, चार माणसं उभी करून, तो गाडीखाली शिरला.

“दाजी,” आतून आवाज आला, “पुढच्या चाकांना जोर नेणारा शाफ्ट कुठाय?”

“तो नव्हताच की. विकणाऱ्यानं आधीच काढला होता. का हो?”

मिस्त्रीनं वर चाचपून पाहिलं. शाफ्ट जिथे जोडायचा तिथे नुसती रिकामी चकती होती. तिच्यात चार बोल्ट होते, काहीही न धरणारे. आजूबाजूला सगळा गंज आणि बोल्ट मात्र ताज्या ग्रीसनं ओले. त्यानं एकाला पाना लावला आणि सैल करायला जोर केला.

बोल्ट हलेना. त्यानं हात ढिला सोडला. मग पाना हळूच, त्याच्या बोटांसकट, आवळायच्या बाजूला फिरला.