अठरा नंबरचा तक्ता

"मी आजारी नाही, सिस्टर!"

"मग तोंडात चार फोड आलेत ते काय हौसेने? तीन आठवडे सर्दी हटत नाही, बोटाला खरचटलेलं पिकतंय. घरी जा म्हटलं की कानात बोळे!"

"माझ्या जागी कोण उभं राहील? तुम्ही?"

पेशंट जागे होऊ नयेत म्हणून दोघी कुजबुजत भांडत होत्या, आणि कुजबुजलेलं भांडण जास्त बोचतं. मंगळवारची रात्र, एक वाजून चाळीस मिनिटं. तिथे हजर असलेला वॉर्डमामा आता म्हातारा झालाय. नवे डॉक्टर रात्री जमले की अर्धे दिवे मालवून तो हे सांगतो. ऐकीव नाही म्हणतो, आणि ते खरं आहे.

मोठ्या सिस्टरची तीस वर्षं नोकरी झालेली. धाकट्या डॉक्टरणीची ही सलग अकरावी रात्र.

"जागरणाने प्रतिकारशक्ती ढासळते, हे पेपरात लिहून आलेय मी," डॉक्टरीण म्हणाली.

"मार्क मिळाले, अंगी नाही लागलं," सिस्टरने टोला हाणला.

शेवटी तडजोड झाली. ड्यूटी रूममध्ये अर्धा तास पाठ टेकायची. साहेबांच्या कानावर काही घालायचं नाही. डॉक्टरणीचं रक्त संध्याकाळीच तपासायला गेलं होतं, तेही अठरा नंबरच्या रिकाम्या खाटेच्या नावाने. खोटा केस पेपर काढून सिस्टरने स्वतः खाटेला अडकवला होता. वॉर्डाची ही जुनी चोरटी रीत. डॉक्टरने आजारी पडायचं ते दुसऱ्याच्या खाटेवर!

या रितीनेच सात वर्षांपूर्वी लंबू डॉक्टर गेला. चौदा रात्री जागलेला, अंगातला ताप लपवलेला. ड्यूटी रूमच्या त्याच पलंगावर आडवा झाला. कुणीतरी पांघरूण घातलं, "झोपू द्या बिचाऱ्याला, उठवू नका" म्हणून दार लोटून घेतलं. सकाळी हात लावला तर गार. ते कुणीतरी कोण, हे कधी कुणी विचारलं नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी लॅबचा कागद आला. पांढऱ्या पेशी निम्म्याहून कमी. सिस्टर तो अठराच्या पेपरला लावायला गेली.

तापाचा तक्ता कोरा असायला हवा होता.

अकरा वाजता, शंभर. बारा, एकशे एक. एक, एकशे दोन. दोन... एकशे चार.

हिरवी शाई. लंबू हिरवं पेन वापरायचा, कुणी ढापू नये म्हणून.

खाली, त्याच तिरक्या अक्षरात, एक शब्द.

उठवा.

तिने बोट फिरवलं. बोट हिरवं झालं...

ती धावली. मामा मागोमाग. डॉक्टरीण पलंगावर मुटकुळं करून पडलेली. दात वाजत होते. पांघरूण पायाशी. चौपदरी घडी घातलेलं.

"उठा. डॉक्टर... उठा!"

हालचाल नाही.

गालावर दोन थापा मारल्या. तिसऱ्या थापेला डोळे उघडले. सिस्टरने थर्मामीटर लावला.

एकशे चार.

"चला, भरती व्हायचं. साहेबांना मी फोन करते."

"साहेबांना? डोकं फिरलंय तुमचं! सकाळी राउंड आहे माझा. अर्धा तास म्हणालात, तोही धड झोपू दिला नाहीत. तीनदा अंगावरचं पांघरूण ओढून काढलंत, सिस्टर. आणि किती गार हात तुमचे..."

त्या अर्ध्या तासात सिस्टर इकडे फिरकलीही नव्हती. सात नंबरच्या सलाइनशी झटत होती. मामा साक्षीला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आता तरी झोपू द्या," डॉक्टरीण पुटपुटली. डोळे पुन्हा मिटत होते. "पांघरूण घाला आणि जा."

सिस्टरने ती घडी उचलली. छातीशी घट्ट धरली. बोटावरची शाई अजून ओली होती.

"नाही घालणार, पोरी. त्यालाही मीच घातलं होतं."