सत्तेचाळीस नंबरची खुर्ची

बुधवारच्या प्रॅक्टिकलला प्रयोगशाळेतले किट पुन्हा दुरुस्तीला गेलेले होते, म्हणून मॅडमनी वर्गाचाच प्रोसेसर करायचं ठरवलं. बत्तीस खुर्च्या गोलात मांडल्या, पाठींवर खडूनं शून्य ते एकतीस नंबर टाकले आणि प्रत्येक खुर्चीवर एकेक सूचना लिहिलेला कागद ठेवला.

"आज तुम्ही माणसं नाही, यंत्राचे भाग आहात," मॅडम म्हणाल्या. "कागदावर आहे तेवढंच करायचं. डोकं चालवलं की मार्क कापणार."

"म्हणजे रोजच्यासारखंच की," मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

कागदांवरचा असेम्ब्ली प्रोग्रॅम, म्हणजे यंत्राला ओळीनं द्यायच्या सूचना, ताईनं आदल्या संध्याकाळी लिहिला होता. याच विषयानं तिचं एक वर्ष बुडवलं होतं. वर्गात ती मोठी, म्हणून सगळेच तिला ताई म्हणत. खरी ताई ती फक्त सुईची. सुई तिची मावसबहीण. अंगानं बारीक, स्वभावानं सरळ, ओवाल तिकडे मुकाट जाणारी. हॉस्टेलवर सोडताना मावशीनं तिचा हात ताईच्या हातात दिला होता. "ही कुणी सांगेल ते खरं मानते गं. तुझ्या भरवशावर ठेवून चाललेय."

पुढची सूचना कुठल्या खुर्चीवर आहे, हे ध्यानात ठेवणारा भाग म्हणजे सुई. हातात पाटी आणि नवाकोरा खडू. खुर्चीपाशी जायचं, कागद मोठ्यानं वाचायचा, पाटी पुसून पुढचा नंबर लिहायचा. ताईकडे स्टॅक, म्हणजे पत्र्याचा एक डबा. त्यात चिठ्ठ्या एकावर एक ठेवायच्या आणि शेवटची ठेवलेली आधी काढायची. सुई मधलं काम सोडून दुसरीकडे वळली, की परतीच्या खुर्चीचा नंबर त्या डब्यात जायचा.

अकराव्या खुर्चीनं तिला विसाव्या खुर्चीवर धाडलं. ताईनं परतीचा बारा नंबर चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकला. एकविसाव्या खुर्चीवर लिहिलं होतं, आलेली बेरीज डब्यात ठेव. बेरीज होती सत्तेचाळीस. ती चिठ्ठी बाराच्या डोक्यावर बसली.

"चोविसावी. परत जा," सुईनं वाचलं आणि ताईपुढे हात पसरला.

तेव्हा ताईच्या लक्षात आलं. परतण्याआधी डब्यातून बेरीज काढून घ्यायची सूचना लिहायचीच राहिली होती. नवशिक्यांची ठरलेली चूक, आणि तीही दुसऱ्यांदा. पण मॅडम बघत होत्या. तिनं वरची चिठ्ठी देऊन टाकली.

सुईनं ती वाचली, खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि दारातून बाहेर पडली.

"निघाली स्वारी सत्तेचाळिसाव्याला!" वर्ग खदखदून हसला. मॅडमनाही हसू आवरेना. "बघा, यंत्र भरकटतं ते असं. अरे, बोलवा तिला."

व्हरांड्यात कोणी नव्हतं. तिसरा मजला. बाकीच्या चारही खोल्यांना कुलपं, खिडक्यांना गज, आणि एकुलत्या एका जिन्याच्या तोंडाशी शिपाई फायली शिवत बसलेला.

"इकडून चिटपाखरू गेलेलं नाही," तो म्हणाला.

फरशी नुकतीच पुसलेली होती. ओल्या फरशीवर सुईची पावलं टोकाच्या भिंतीपर्यंत सरळ गेली होती. कुठेही वळली नव्हती. ताईनं ती मोजली. सोळा. एकतिसात सोळा मिळवले की किती होतात, हे मोजायला तिला कागद लागला नाही.

वर्गात सुईच्या बॅगेतला फोन वाजला. ताईनं आत येऊन उचलला. मावशी होती.

"तू कसा उचललास गं? सुई कुठंय?"

"प्रॅक्टिकल चालू आहे, मावशी. आत आहे ती."

"बरं. वेळेवर जेवायला लाव तिला. सांगितल्याशिवाय उठायची नाही."

सगळे जण खाली शोधायला पळाले. ताई जागची हलली नाही. डब्यात अजून बारा नंबरची चिठ्ठी होती. सुई जिथे असेल तिथेही कागद वाचतच असेल. तिथे कधीतरी 'परत जा' आलंच, तर चिठ्ठीसाठी तिला इथेच यावं लागेल. हा वेडेपणा होता, हे ताईला कळत होतं. तिनं डबा मांडीवर घेतला आणि दाराकडे पाहत बसली.

पाऊण तास झाला.

मग पावलं वाजली. एका लयीत, ना घाई ना विसावा.

सुई आत आली. हात पसरला. ताईनं चिठ्ठी दिली.

"बारावी," बाराव्या खुर्चीपाशी जाऊन सुईनं कागद वाचला. "थांब."

ती थांबली.

"कुठे होतीस गं? बोल ना!" ताईनं तिला मिठी मारली. सुईचे हात नुसते लोंबत राहिले. एका हाताच्या चिमटीत खडूचा तांदळाएवढा कण होता. दुसऱ्या हातात पाटी होती, मधोमध इतकी झिजलेली की तिच्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

फोन पुन्हा वाजू लागला.

ताईनं कागद फाडला, 'घरी चल' असं लिहिलं आणि ती चिठ्ठी सुईच्या तळहातावर ठेवली.

सुईनं वाचलं. उलटून पाहिलं. मग चिठ्ठी हळूच परत केली.

"ताई, यावर नंबर नाहीये."