कुई-कुई पक्ष्याचा माग

"गप्प! एकदम गप्प! ऐका, परत ओरडला!" चष्म्यानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

झाडांपलीकडून आवाज आला. कुई... कुई... कुई... आणि थांबला.

ताईचा घास हातातच राहिला. शेपटीनं मात्र चावणं सोडलं नाही. जग बुडालं तरी ती आधी तोंडातलं संपवेल आणि मगच पोहायला लागेल!

ही तीन भावंडं सुट्टीला मावशीकडे आली होती. ताई सगळ्यांत मोठी, म्हणून पुढारी. चष्म्या मधला, म्हणून शंकेखोर. आणि सगळ्यांत धाकटी शेपटी, कारण ती कायम कुणाच्या तरी मागे असायची. मावशी वनरक्षक होती. जंगलाच्या कडेला तिचं दोन खोल्यांचं सरकारी घर होतं आणि त्याच्या पायरीवर बसून सध्या नाश्ता चालला होता.

"पुस्तकात असा पक्षीच नाही!" चष्म्या पानं उलटत म्हणाला. "रोज सकाळ-संध्याकाळ, आणि तोही एकाच जागेवरून ओरडतो. पक्षी आहे की शाळेची घंटा?"

"मावशीला विचारू. ती बघ आलीच!" ताई म्हणाली.

मावशी गस्तीवरून परत येत होती. पण आज तिनं लांबूनच "काय रे माकडांनो!" अशी हाक मारली नाही. पायरीवर बसली आणि नुसतीच बुटांच्या नाड्या सोडायला लागली. एरवी मावशी हसली, की झाडावरचे पक्षी उडायचे. या सुट्टीत मात्र एकदाही उडाले नव्हते.

"मावशी, काय झालंय? खरं सांग," ताई म्हणाली.

मावशीनं आधी "काही नाही" म्हणून बघितलं. पण तीन जोड्या डोळ्यांपुढे तिचं काय चालणार?

"उद्या मोठे साहेब येतायत," ती म्हणाली. "तळ्यावर हल्ली एकही जनावर दिसत नाही. झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांत फोटो येतात ते एका खारीचे आणि एका आगाऊ माकडाचे. कुणीतरी साहेबांचे कान भरलेत, की आमच्या पथकातल्या बायका तळ्यापर्यंत जातच नाहीत. अर्ध्या वाटेवर सावलीत बसतात आणि परत येतात. जनावरं अशीच दिसेनाशी राहिली, तर आमचं पथक बंद. मी तिकिटाच्या खिडकीत बसायचं."

"तू? खिडकीत?" शेपटी एवढ्या जोरात ओरडली, की तिला ठसका लागला.

मावशीचं पथक चौघींचं होतं. सुरुवातीला लोक खुदूखुदू हसले होते. मग याच चौघींनी जंगलातले फासे शोधून काढले, शिकाऱ्यांची टोळी पकडून दिली, विहिरीत पडलेलं कोल्ह्याचं पिल्लू वर काढलं. हसणाऱ्यांची दातखीळच बसली! आणि आता हे?

"आम्ही येतो तळ्यावर तुझ्याबरोबर!" ताई उठलीच. "जनावरं काय हवेत विरघळली?"

दुपारच्या गस्तीला तिघं चौघींच्या मागोमाग निघाली. तळं पाण्यानं काठोकाठ भरलेलं होतं. पण काठच्या चिखलात एक खूर नाही, एक पंजा नाही. चौघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. मावशीचा चेहरा बघून ताईला रडूच यायला लागलं.

परतताना शेपटी नेहमीप्रमाणे मागे रेंगाळली. आणि मागे रेंगाळणाऱ्यालाच खाली बघायला वेळ असतो!

"खूर!" ती किंचाळली. "इथं खूर! तिथंही खूर!"

झाडीतून एक चिंचोळी पायवाट गेली होती. तिच्यावर हरणांचे खूर असे उमटले होते, जणू शाळा सुटली होती! आणि सगळे एकाच दिशेला. पण थोडं पुढे एक पिवळा खांब होता आणि मावशी तिथंच थांबली.

"आमची हद्द इथं संपते," ती म्हणाली. "पुढचं आवार विश्रामगृहाचं. त्यांचे मॅनेजर तक्रार करतात, म्हणून आम्ही हा खांब ओलांडत नाही."

"खुरांना कुणी सांगितलं नाही वाटतं!" चष्म्या पुटपुटला. "मावशी, आम्हाला तर हद्द नाही ना? आम्ही जाऊ?"

"पुढच्या दारानं जा, परवानगी मागा आणि कुणाशी भांडू नका," मावशी म्हणाली आणि पथकाला घेऊन पुढच्या गस्तीला गेली. तिचं मन काही थाऱ्यावर नव्हतं.

विश्रामगृहाच्या दारावर नवीकोरी पाटी होती : 'गच्चीत बसून हरणं बघा!'

मॅनेजरकाका पोटावर हात फिरवत बाहेर आले. "या, या! बघितलीत पाटी? पाहुणे खूश आहेत माझ्यावर! जंगलात पायपीट कशाला हवी? हरणं आपल्या पायांनी माझ्याकडे येतात!"

"पण का येतात, काका?" चष्म्यानं विचारलं.

"माझा प्रेमळ स्वभाव!" काका म्हणाले. "बाग बघायची तर बघा. मागच्या बाजूला मात्र जायचं नाही!"

जायचं नाही म्हटल्यावर कोण थांबतंय? ताई काकांशी गोड गोड बोलत राहिली आणि बाकीची दोघं मागे सटकली. गच्चीच्या खाली, कुंपण मोडलेल्या कोपऱ्यात, जमीन बोडकी झाली होती. मधोमध खोलगट खड्डा, चमच्यानं खरवडल्यासारखा. शेजारी पाण्यानं भरलेली टाकी. शेपटीनं खाली वाकून बोटाला माती लावली आणि, अहो, बोट सरळ तोंडात घातलं!

"शी! शी! थू! खारट!"

"मीठ!" चष्म्याचा चष्माच घसरला. "हरणांना मिठाची भारी ओढ असते! मीठ इथं, पाणी इथं. मग तळ्यावर कोण कडमडायला जाईल?"

तेवढ्यात पावलं वाजली. दोघं टाकीमागे दडली. ताईच्या प्रश्नांतून कशीबशी सुटका करून घेतलेले काका एकचाकी हातगाडी ढकलत येत होते. गाडीत पांढरं पोतं होतं आणि चाक ओरडत होतं : कुई... कुई... कुई...

शेपटीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. पुस्तकात न सापडलेला पक्षी तो हाच! काकांनी पोतं खड्ड्यात झटकलं, झाडू मारला आणि शीळ घालत निघून गेले.

"मावशीला सांगू या!" शेपटी परतीच्या वाटेवर नाचत होती.

"आणि ते 'मी नाही त्यातला' म्हणाले तर?" ताई म्हणाली. "पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हे मावशीचंच वाक्य. आपण मावशीची पट्टी काढू!"

मावशीचं पथक रोज संध्याकाळी पायवाटेवर डहाळी फिरवून मातीची गुळगुळीत पट्टी करायचं. सकाळी त्यावरचे ठसे वाचले, की कोण आलं आणि कोण गेलं ते समजायचं. ऊन उतरायच्या आत तिघांनी एक डहाळी उचलली आणि परत विश्रामगृह गाठलं. ताईनं काकांकडून विश्रामगृहाचा इतिहास ऐकायला घेतला. बिचारी! काकांचा इतिहास काही केल्या संपेना. तोवर दोघांनी खड्ड्याभोवती गोल पट्टी काढून टाकली.

सकाळी तिघं धावत पोचली तेव्हा साहेबांची जीप दारात उभी होती. गच्चीवर साहेब, पाहुणे आणि त्यांची लहान मुलं नाश्त्याला बसली होती. काका रंगात आले होते. "बघा साहेब, हरणं माझ्या अंगणात येतात! मग महिला पथक करतं काय?"

कान कुणी भरले, ते ताईला आता समजलं. तिचा संताप संताप झाला.

"ताई, इकडे ये!" खालून चष्म्याची हाक आली.

पट्टीवर हरणांचे खूर होते. हातगाडीच्या चाकाची सकाळची ताजी रेघ होती. आणि खुरांवरून, गच्चीच्या अगदी खांबापर्यंत, एक मोठा गोल पंजा उमटला होता. चार बोटं, नखांचा मागमूस नाही.

"बिबट्या," ताई कुजबुजली. "हरणांच्या मागोमाग आलाय. चष्म्या, मावशीला आण! पळ! शेपटी, माझा हात सोडू नकोस!"

दोघी गच्चीवर चढल्या. "साहेब, मुलांना खाली पाठवू नका! खाली बिबट्याचा पंजा आहे!"

एकच गोंधळ उडाला! काका तर खुर्चीवरच चढले. पण मावशी आपल्या पथकासह धावत आली आणि सगळं शांत झालं. पिवळ्या खांबाकडे तिनं आज बघितलंही नाही. पाहुण्यांना तिनं आत बसवलं. पथकातल्या दोघी दारात उभ्या राहिल्या, एक झाडीकडे बघत राहिली आणि मावशी पंज्याशी वाकली.

"ठसा रात्रीचा आहे. कडा सुकल्यात आणि मुंग्यांची रांग त्याच्यावरून गेलीय. आल्या वाटेनं तो पलीकडच्या खडकांत परत गेला. आत्ता भीती नाही. पण हे असंच चाललं, तर एक दिवस तो हरणाऐवजी दुसऱ्या कुणावर झडप घालेल."

"पण हरणं इथं येतातच का?" साहेबांनी विचारलं.

"काका मीठ टाकतात!" शेपटी म्हणाली.

"मी? मीठ?" काका खुर्चीवरूनच ओरडले. "साफ खोटं! पोरं काहीही बरळतात!"

शेपटीनं मावशीच्या कानात काहीतरी सांगितलं. मावशीच्या भुवया वर गेल्या. तिनं मान डोलावली, पाहुण्यांना गच्चीवरूनच बघायला सांगितलं आणि हातात काठी घेऊन खाली ताईच्या शेजारी उभी राहिली. ताईनं कोपऱ्यातली रिकामी हातगाडी धरली आणि ढकलली.

कुई... कुई... कुई...

झाडी हलली. एक हरीण बाहेर आलं. मग दुसरं. मग आईमागून एक पाडस टुणटुणत आलं. सगळी हातगाडीकडे माना उंच करून चालत आली आणि गाडी चाटायला लागली! पाडसाला गाडीपाशी जागा मिळेना, म्हणून ते खुर्चीवरून उतरून धावत आलेल्या काकांची विजार चाटायला लागलं. काका "हट्! हट्!" करत गोल गोल फिरले. पाडसही त्यांच्यामागे गोल गोल फिरलं.

"वा!" चष्म्या म्हणाला. "हरणं खाल्ल्या मिठाला जागली!"

गच्चीवर हास्याचा धबधबा कोसळला. साहेबांनी मिशीआड हसू दाबलं, पण आवाज कडक होता. "मॅनेजर, गंमत नाही ही. मुलांच्या जिवाशी खेळलात तुम्ही!"

काकांनी मान खाली घातली. "पाहुणे खूश व्हावेत एवढंच मनात होतं, साहेब. बिबट्याचा विचारच केला नाही. चुकलो." ते मावशीकडे वळले. "आणि मॅडम, तुमच्याबद्दल नको ते बोललो."

"आधी कुदळ आणा," मावशी म्हणाली. "खारी माती उकरू, टाकी रिकामी करू, कुंपण दुरुस्त करू. माफीचं मग बघू!"

साहेब मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. "मी न बघता तुमच्याबद्दल मत बनवलं. आज तुमच्याबरोबर तळ्यापर्यंत चालतो." आणि खरंच गेले! जाताना ताठ गेले. येताना लंगडत आले.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मावशीनं कॅमेऱ्यातले फोटो आणले. सगळे तिच्या खोलीत जमले. साहेबही आले होते, आणि आता पिवळा खांब पथकाला अडवणार नाही, अशी बातमी घेऊन आले होते.

"या पोरांनी ठसे वाचले, ते तुमच्या पथकाकडून शिकून," साहेब म्हणाले. "असं पथक मी बंद करायला निघालो होतो! शाबास रे मुलांनो. आणि बाई, तुम्हा चौघींना माझा सलाम."

मावशीचे डोळे भरून आले. तिनं घाईघाईनं फोटो दाखवायला घेतले. तळ्यावर हरणं! ते पाडस, आईच्या पोटाखाली! दूर खडकावर आरामात पसरलेला बिबट्या! शेपटीनं प्रत्येक फोटोला टाळ्या वाजवल्या.

"आणि हा कोण प्राणी?" तिनं शेवटच्या फोटोवर बोट ठेवलं.

तळ्याकाठी एका दगडावर साहेब बसले होते. बूट बाजूला, पाय पाण्यात, जीभ बाहेर. आणि मागच्या फांदीवरून ते आगाऊ माकड त्यांना वाकुल्या दाखवत होतं.

सगळ्यांनी हळूच साहेबांकडे बघितलं. मग मावशी हसली. पोट धरून, भिंतीला टेकून, खो खो हसली! साहेबही हसले. आणि बाहेरच्या झाडावरचे सगळे पक्षी भुर्रकन उडाले.